कानफ्रांक: इथे गाडी बदला

आधी जाड कोट चढवा. महिना जुलैचा असला तरी तुम्हाला पिरेनीजच्या ऐन डोंगरात, समुद्रसपाटीपासून 1195 मीटरवर उतरायचं आहे, आणि ऊन कड्यामागे गेलं की इथे हुडहुडी भरते. मोबाइल घरीच ठेवा. घड्याळ न्या, पण किल्लीचं. तारीख आहे 18 जुलै 1928.

फलाटावर पाय टेकतो तेव्हा समोर नुसत्या टोप्या दिसतात. आज इथे स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो आला आहे आणि फ्रान्सचे अध्यक्ष गास्ताँ दुमेर्गही. टाचा उंचावून राजा बघायचा तर नजर सारखी इमारतीकडे वळते. ती संपतच नाही. 241 मीटर लांबी. मुंबईची बारा डब्यांची लोकल शेजारी आणून उभी केली तर जवळजवळ टोकाला टोक लागेल. वर पाटीच्या काळ्या दगडाचं उतरतं छप्पर, मधोमध उंच उठाव, दोन्ही अंगांना फलाटांवर झुकलेल्या लोखंडी पडव्या, आणि खिडक्याच खिडक्या. त्या 365 आहेत असं सांगतात, वर्षाच्या दिवसांइतक्या. मोजायला थांबू नका. मोजणारे मधेच चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

आता आजूबाजूला गाव शोधा. नाही ना सापडत? मूळ कानफ्रांक गाव खाली दरीत आहे, चार-पाच किलोमीटरवर, सान्तियागोच्या यात्रेकरूंच्या जुन्या वाटेवर. इथे काल-परवापर्यंत गुरं चरायची. तुम्ही उभे आहात ती सपाटीसुद्धा मुळात नव्हती. डोंगर पोखरून बोगदा केला, त्यातून निघालेला दगड-मुरूम इथे ओतला, आरागॉन नदीला भिंती घालून एका कडेला लोटलं, आणि वरच्या उतारांवर लाखो झाडं लावली, कारण हिवाळ्यात हिमकडे कोसळले की स्टेशनाचा चेंदामेंदा झाला असता. स्टेशन बांधण्याआधी त्यांना स्टेशनासाठी जमीन बांधावी लागली.

या दिवसाची वाट लोकांनी किती पाहिली ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर वाचा. पिरेनीज फोडून सारागोसा आणि फ्रान्स रुळांनी जोडावेत ही मागणी इथल्या आरागॉन प्रांताच्या लोकांनी 1853 मध्ये छापून मांडली होती. काम सुरू झालं 1882 मध्ये, तेही या राजाच्या बापाच्या हातून. 1893 मध्ये गाडी हाका गावापर्यंत आली आणि तिथेच अडकली. दोन्ही देशांचा करार व्हायला 1904 उजाडलं. सोम्पोर्टचा बोगदा 1908 मध्ये खणायला घेतला, 1912 मध्ये दोन्हीकडचे कामगार मधोमध भेटले. लांबी जवळजवळ 7.9 किलोमीटर. मग महायुद्ध आलं आणि सगळं पुन्हा रेंगाळलं. म्हाताऱ्याच्या आजोबांनी ऐकलेली बातमी आज नातवासमोर खरी होते आहे.

गर्दी पांगू द्या आणि आत शिरा. एवढी मोठी इमारत कशासाठी, हे आत गेल्यावर कळतं. स्पेनचे रूळ रुंद, फ्रान्सचे अरुंद. (स्पेनचं आजचं माप 1668 मिलिमीटर आहे, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त 8 मिलिमीटरांनी कमी. फ्रान्सचं 1435.) त्यामुळे इकडची गाडी तिकडे जाऊच शकत नाही. सारागोसाहून येणाऱ्या प्रत्येकाने इथे उतरायचं, स्पॅनिश फलाटावरून आत यायचं, कागद दाखवायचे, ट्रंका उघडायच्या, पैसे बदलायचे आणि दुसऱ्या बाजूच्या फ्रेंच फलाटावर जाऊन नव्या गाडीत बसायचं. मालाचंही तेच: डब्यातून काढा, डब्यात भरा. इमारतीचा अर्धा भाग स्पेनचा आणि अर्धा फ्रान्सचा, जमीन मात्र सगळी स्पेनची. मधल्या उंच दालनात लाकडी तिकीट खिडक्या आहेत. त्या ओलांडून पुढे गेलात की पोलीस फ्रेंच, जकात अधिकारी फ्रेंच, शिव्याही फ्रेंच. आतच हॉटेल आहे, उपाहारगृह आहे, दवाखाना आहे. म्हणजे दोन राज्यांची हद्द एका छपराखाली आणून तिला तिकीट खिडक्या लावल्या आहेत.

प्रश्न एवढाच की यातून जाणार कोण? पंचाहत्तर वर्षं मागणी करण्यात गेली, पण हा हिशेब कुणी फार मनावर घेतलेला दिसत नाही. पॅरिसहून माद्रिदला जाणारा प्रवासी अटलांटिकच्या काठाच्या सोप्या मार्गाने जातो. डोंगर चढून, गाडी बदलून, रात्र कुडकुडत काढण्यात त्याला रस नाही. पुढच्याच वर्षी जगाचा बाजार कोसळला. पाच-सहा वर्षं पुढे सरका आणि याच दालनात उभे राहा: दिवसाला जेमतेम पन्नास प्रवासी. एक कुली बाकावर बसून दुसऱ्या कुलीला काहीतरी सांगतो आहे आणि ते दालनभर ऐकू येतं. 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटते आणि फ्रान्सकडून कुणी येऊ नये म्हणून फ्रँकोचे लोक बोगद्यात भिंत घालतात. ती वर्षं आपण ओलांडू. बघायला काही नाही.

1941 मध्ये मात्र थांबा. बोगद्यातली भिंत निघाली आहे. फ्रेंच बाजूच्या तपासणीच्या मेजापाशी एक पांढऱ्या केसांचा जर्मन माणूस उभा आहे. सामानात गुंडाळलेली चित्रं. हा माक्स अर्न्स्ट, अतिवास्तववादी चित्रकार, नात्सींना नको असलेला. त्याचे कागद बरोबर नाहीत. अधिकारी चित्रं उलगडायला लावतो, बघत राहतो, आणि मग म्हणतो की तुम्हाला परत पो शहराला पाठवणं माझं कर्तव्य आहे. ती बघा पोची गाडी, आणि ही इकडची माद्रिदची, चुकून भलत्या गाडीत बसू नका बरं. अर्न्स्ट अर्थातच भलत्या गाडीत बसला. हा किस्सा त्याने पुढे स्वतःच सांगितला. कलावंतांनी सांगितलेले किस्से थोडे घासूनपुसून घेतलेले असतात, पण तो कानफ्रांकमार्गे सुटला हे खरं आहे.

आता 1943 चा मार्च. श्वास जपून घ्या. चार महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1942 मध्ये, जर्मनांनी दक्षिण फ्रान्सही गिळला आणि फ्रेंच अर्ध्या भागाचा फायदा घेत ते इथवर आले. स्पेन युद्धात नाही, तरी स्पेनच्या जमिनीवर, याच फलाटावर जर्मन गणवेश फिरतो आहे. तुम्ही पडवीच्या खांबाला टेकून उभे राहा आणि मालाच्या बाजूला बघा. फ्रान्सकडून आलेल्या डब्यांमधून लहान पण भलत्याच जड पेट्या उतरताहेत. दोन माणसं एक पेटी उचलतात आणि दोघांचेही गुडघे वाकतात. पुढे त्या स्विस लॉऱ्यांमध्ये चढतात. पेट्यांत सोनं आहे, नात्सींनी देशोदेशी लुटलेलं. त्यातलं बहुतेक पोर्तुगालला जातं, थोडं स्पेनला. उलट्या दिशेने वुल्फ्रामचं खनिज येतं. चिलखत फोडणारे तोफगोळे बनवायला ते लागतं. पंधरा वर्षांत या स्टेशनाला एवढं काम कधी मिळालं नव्हतं.

आणि याच गडबडीत फ्रेंच जकातीचा प्रमुख आल्बेर ल ले फलाटावरून हातात कागद घेऊन चालला आहे. ब्रेतान्यचा माणूस, बायको-मुलांसह इथेच राहणारा. त्याला बघून तुम्हाला काही वेगळं वाटणार नाही, आणि तसंच त्याला हवं आहे. दिवसा तो जर्मनांच्या डोळ्यांदेखत मालाचे कागद तपासतो. त्याच हुद्द्याच्या आडून दोस्त राष्ट्रांना संदेश पोचवतो आणि ज्यू निर्वासितांना स्पेनच्या गाडीत बसवून देतो. इमारत इतकी लांब, दारं इतकी, जिने इतके, की कोण कुठून शिरलं आणि कुठून निघालं याचा हिशेब गेस्टापोलाही ठेवता येत नाही. ज्या अवाढव्यपणाला आपण मघाशी नाक मुरडलं, तो या दोन-तीन वर्षांत माणसांच्या जिवाच्या कामी आला. सप्टेंबरमध्ये जर्मनांना संशय येतो, तेव्हा ल ले बायकोला आणि मुलाला घेऊन, फेरफटका मारायला निघाल्यासारखा, सामानाशिवाय निघून जातो. युद्धानंतर त्याने याचा फारसा गाजावाजा केला नाही.

एप्रिल 1944 मध्ये खालचं मूळ कानफ्रांक गाव आगीत जळून जातं. बेघर झालेली बरीच कुटुंबं वर स्टेशनापाशी राहायला येतात. तेव्हापासून गाव म्हणजे स्टेशन आणि स्टेशन म्हणजे गाव. आजही इथे पाच-सहाशे माणसं राहतात. पुढे त्यांनी इमारतीसाठी हट्ट का धरला, ते या आगीपासून समजून घ्यावं लागतं.

आता बोगद्यातून फ्रान्सच्या बाजूला चला. 27 मार्च 1970, पहाट, आस्प नदीवरचा लेस्तांगेचा पूल. आपल्या बोरघाटाची चढण 37 ला 1. इथली 23 ला 1. मक्याने भरलेली मालगाडी कानफ्रांककडे चढते आहे, रुळांवर बर्फाचा थर आहे. चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. गाडी थबकते. आणि मग मागे सरकायला लागते. आधी हळू, मग ब्रेकांना न जुमानता. पुलापाशी डबे रूळ सोडतात, लोखंडी पूल त्यांच्यासकट नदीत जातो. माणूस एकही मेला नाही. मका मात्र पाण्यात गेला, आणि त्याच्याबरोबर मार्गही.

पूल काही जगावेगळा नव्हता. फ्रान्सला तो काही महिन्यांत उभा करता आला असता. पण मार्ग तोट्यात होता आणि अपघाताने आयतं कारण दिलं. रेल्वेऐवजी बस सुरू झाली. तो पूल आजतागायत बांधलेला नाही. कानफ्रांकचं स्टेशन म्हातारपणाने मोडकळीला आलं असं सांगतात ते मला पटत नाही. तेव्हा इमारतीचं वय बेचाळीस होतं. दगड-काँक्रीटच्या इमारतीला ते काय वय झालं? तिचं काम काढून घेतलं गेलं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, ते इथे अक्षरशः झालं.

ते बघायला नव्वदीच्या दशकात या, हिवाळ्यात. सारागोसाहून येणारी गाडी अजून येते. लोक तिला लाडाने कानफ्रानेरो म्हणतात. ती या महालाच्या पायाशी येऊन थांबते, चार-दोन माणसं उतरतात आणि इमारतीत न शिरता बाहेरूनच निघून जातात, कारण आत जायला बंदी आहे. तुम्हाला कोण अडवणार? फ्रेंच बाजूचं एक दार बिजागरीवर लोंबतं आहे, त्यातून आत शिरा.

पायाखाली काचा वाजतात. दारं काही पोरांनी फोडली, काही लाकडासाठी नेली. भिंतीजवळ जा, अगदी जवळ, आणि हाताने चाचपून बघा. गिलावा फुगला आहे. बोटाने दाबलं की पापुद्रा सुटून येतो आणि मागे ओली वाळू दिसते. याचं मूळ वर आहे. छपरातल्या पाटीच्या दगडाचा एखादा तुकडा वाऱ्याने घसरला. तो त्याच आठवड्यात बसवला असता तर एका माणसाचं दोन तासांचं काम. बसवला नाही. त्या फटीतून वितळलेलं बर्फ आत आलं, लाकडात मुरलं, तिथून भिंतीत उतरलं. रात्री गोठलं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यामुळे केसाएवढी भेग नखाएवढी झाली. दुसऱ्या दिवशी वितळलं, आणखी आत गेलं, पुन्हा गोठलं. असे वीस-पंचवीस हिवाळे. बंद घराची ही गोष्ट कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना सांगायला नको, फक्त तिथे बर्फाऐवजी वाळवी असते.

बाहेर यार्डात लाकडी डबे रुळांवरच कुजले आहेत, रुळांमधून झाडं वर आली आहेत. सोम्पोर्टच्या बोगद्यातून गाडी जात नाही, पण 1985 पासून तिथे भौतिकशास्त्रज्ञ जाऊन बसले आहेत. डोक्यावर आठशे मीटर खडक असल्यामुळे अवकाशातून येणारे किरण अडतात आणि कृष्णद्रव्यासारख्या गोष्टींचा माग काढायला तिथे शांतता मिळते. रेल्वेपेक्षा शास्त्रज्ञांनी या बोगद्याचा उपयोग चांगला केला, असं म्हणायची वेळ आली.

पुढचं वळण नोव्हेंबर 2000 चं. फ्रान्समधल्या ओलोराँहून कानफ्रांकला येणाऱ्या, म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेच्या जागी चालणाऱ्या बसचा फ्रेंच चालक जोनाथन दियाझ परतीच्या वेळेची वाट बघत पडीक आवारात फिरतो आहे. कचऱ्यात त्याला जुने कागद सापडतात. जकातीचे, मालाचे, चाळीसच्या दशकातले. एकावर सोन्याच्या लगडींचं वजन लिहिलेलं. त्या कागदांमधून या स्टेशनावरून गेलेल्या जवळपास 87 टन सोन्याची नोंद बाहेर आली. तोवर गावात नुसती कुजबुज होती. वर्तमानपत्रांचे बातमीदार आले, टीव्हीवाले आले, आणि 'डोंगरातलं टायटॅनिक' म्हणत फोटो काढू लागले. ज्या इमारतीकडे रेल्वेने तीस वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं, तिला 2002 मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. सोन्याचं नाव निघालं की सरकारला जाग येते, हे सगळीकडे सारखंच.

पण कागद सापडले ते योगायोगाने. मागणी जिवंत होती ती योगायोगाने नव्हे. डोंगराच्या दोन्ही अंगांना 'मार्ग पुन्हा सुरू करा' म्हणणाऱ्या समित्या वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या. त्यात निवृत्त रेल्वेवाले होते, शिक्षक होते, दुकानदार होते. ही माणसं नसती तर कागदांवर एखादं पुस्तक निघालं असतं आणि छप्पर मात्र खाली आलं असतं.

2013 मध्ये आरागॉनच्या सरकारने इमारत रेल्वेकडून विकत घेतली आणि मधलं दालन लोकांना दाखवायला सुरुवात केली. त्या वर्षी या. दारात तुमच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवतात. तुम्ही वर बघत चालता, कारण सगळेच वर बघत चालतात. दालनातल्या लाकडी तिकीट खिडक्या झाडूनपुसून उभ्या केल्या आहेत. लोक रांगेत येतात, आत येऊन आवाज खाली आणतात. एका वर्गाची पोरं मात्र मोठमोठ्याने ओरडून घुमणारा आवाज ऐकतात. बरं वाटतं.

शेवटचा मुक्काम 27 जानेवारी 2023. मधल्या दालनात दिवे लागले आहेत. जिथे 1928 मध्ये तिकिटं कापली, तिथे आता खोल्यांच्या चाव्या मिळतात. बार्सेलो कंपनीचं 104 खोल्यांचं आलिशान हॉटेल आजपासून सुरू होतं आहे. गाडीने येणाऱ्यांसाठी 2021 पासून मागच्या बाजूला छोटं, नवं स्टेशन आहे. जुन्या इमारतीकडे ती आता येत नाही.

यावर नाक मुरडणारे बरेच आहेत. निर्वासितांच्या वाटेवर पंचतारांकित गाद्या घातल्या, असं म्हणतात. माझं मत तसं नाही. इमारत टिकवायची म्हणजे ती कोरडी आणि उबदार ठेवायची, रोज कुणीतरी दार उघडायचं, नळ गळला तर त्याच दिवशी बघायचं. एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत 241 मीटर लांबीची इमारत तापवायला जो पैसा लागतो, तो संग्रहालयाच्या तिकिटांतून निघाला नसता. हॉटेलने ओल थांबवली, हे उपकार मोठे आहेत.

खटकतं ते दुसरंच. ही वास्तू डोंगर ओलांडण्यासाठी बांधली होती. फ्रान्सने 2016 मध्ये ओलोराँ ते बेदूस हा तुकडा पुन्हा सुरू केला. बेदूसपासून कानफ्रांकपर्यंतचे तेहतीसेक किलोमीटर राहिले आहेत, त्यात लेस्तांगेचा तो पूल. दोन्ही सरकारं चर्चा करतात, अभ्यास करवतात, पुन्हा चर्चा करतात. दरम्यान शेजारी 2003 मध्ये मोटारींचा बोगदा झाला आणि रेल्वेचा जुना बोगदा त्याची आणीबाणीची वाट म्हणून वापरात आहे. ते तेहतीस किलोमीटर जोडले जात नाहीत तोवर कानफ्रांक वाचलं असं मी म्हणणार नाही; इमारत वाचली, एवढंच.

तुम्ही कधी स्पेनला गेलात तर मोटार भाड्याने घेऊन इथे येऊ नका. मार्गाची कामं चालू असतात, तेव्हा गाडी आहे का ते आधी विचारा, आणि असेल तर सारागोसाहून कानफ्रानेरोने या. साधारण चार तास लागतात. हॉटेल परवडत नसेल तर बाहेरून इमारत बघा, मग बस धरून पलीकडे बेदूसला जा आणि तिथून फ्रेंच गाडी पकडा. या मार्गावर प्रवासी नाहीत, हेच कारण दोन्हीकडचे अधिकारी पुढे करत आले आहेत. तिकीट काढा.